दोरा तोडायचा दात

उद्या साडेदहाला.
मुलाने पोलंडहून दाताच्या कण्या केल्या
तेव्हा कुठे वेळ घेतली.
डॉक्टर थेओना म्हणाली, मझेविनारमावशी, नीट जेवून या,
रक्तदाबाची गोळी चुकवू नका,
आणि त्या बाजूने आज काही चावू नका.

चावत नाहीच मी.
एकेचाळीस वर्षं त्या दाताने फक्त दोरा तोडलाय.

वरचा, डावा सुळा.
टोकाला खाच पडलीय, सुईच्या नेढ्याएवढी.
कुटाइसीतल्या निम्म्या नवऱ्या मुली
या खाचेतून सासरी गेल्या.
सुती दोरा आधी भिजतो, मग तुटतो.
नायलॉन निसटतो, पुन्हा धरावा लागतो.
रेशीम तुटताना कुरकुरतं,
कानाला नाही, हाडाला ऐकू येतं.
डोळे गेले तरी चालतील, म्हणायचे मी,
धागा कुठला ते दात सांगेल.

आता तो भलतंच सांगतोय.
रात्री तीनला उठवतो,
गार पाण्याचा घोट घेतला
की कानापर्यंत एक टाका ओढतो
आणि गाठ मारायला विसरतो.

खालच्या मजल्यावरचा ओतिया जिन्यात भेटला.
आमच्या वेळी यंत्र पायाने चालायचं, म्हणाला,
डॉक्टरीण पायडल मारायची
आणि मी खुर्चीचे हात उपटायचो.
मग दातात विष भरून तीन दिवस घरी!
सांगताना त्याचे सगळे दात दिसले.
म्हणजे चार.
मी हसले,
आणि वर येऊन माझ्या पोडोल्स्क मशीनच्या पायडलकडे
चहा गार होईपर्यंत बघत बसले.

उद्या संध्याकाळसाठी घोमी करून ठेवलीय, पातळ.
बटणांच्या डब्यातले लारी मोजले,
दोनदा, कारण पहिल्यांदा
नाण्यांत एक पितळी बटण मोजलं गेलं.
आरशासमोर तोंड उघडून उभी राहिले,
किटली शिट्टी मारेपर्यंत.
जबडा थरथरला.
जन्मभर मी लोकांना सांगत आले, हलू नका, टोचेल,
तेही ओठांत टाचण्या धरून,
म्हणजे नुसतं हूं हूं करून.
उद्या हूं हूं करायची पाळी माझीच,
टाचण्या तिच्या.

फोटो दाखवला होता तिने, काळ्यावर पांढरा.
एकच मूळ, एकच नळी, सोपं आहे.
पण लांब हं, सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब.
त्यात मधोमध एक करडी रेघ.
हे आतलं काढायचं, साफ करायचं, भरायचं,
आणि वरून शिवून टाकायचं.
शिवून असं ती म्हणाली नाही.
मी ऐकलं.

मग दोरा तोडता येईल ना?
तिने हातमोजा काढला, अर्धाच.
दात राहील, मावशी. पण त्याला आता काही कळणार नाही.
आणि दोरा कशाला? घरात कात्री नाही का?

आहे की.
कापडात गुंडाळलेली, नव्यासारखी,
धार अजून कोणाला लागलेली नाही.

रात्री मारेखीच्या झग्याचा घेर पुरा केला.
रविवारी चर्चमध्ये उभी राहायची आहे ती,
तिला काय माझ्या दाताचं.
दर टाक्याला हात आपोआप तोंडाशी गेला
आणि रिकामा परत आला.
कात्रीने तोडलेलं टोक फार शहाणं दिसतं,
पाहुण्यासारखं बसतं.

शेवटची गाठ राहिली.
तेव्हा धागा दाताशी नेला.
तोडला नाही,
खाचेत नुसता टेकवला.
कळ आली, डोळ्यांत पाणी आलं,
तरी थांबले.

रेशीम, म्हणाला.
बरोबर होतं.

मग कात्री घेतली.